राउंड म्हणजे पाठशिवणीचं गाणं

सहावीच्या वर्गाबाहेर एक आई विसरलेला डबा द्यायला आली होती. आत पंचेचाळीस मुलं गात होती. मी दारात गेले तर ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण पोरं मागेपुढे होताहेत. ही म्हणतात रबाळे, आणि ती अजून ठाण्यातच!"

म्हटलं, "तेच तर शिकवतेय."

तिने मान डोलावली, पण पटलेलं काही दिसलं नाही. तिचं तरी काय चुकलं? आपण लहानपणापासून ऐकत आलोय ते 'सगळ्यांनी एका सुरात, एकदम'. प्रार्थना तशी, राष्ट्रगीत तसं, समूहगीत स्पर्धेत तर एक मूल अर्धी मात्रा मागे पडलं की गुण गेलेच. आणि मी मात्र कोपरखैरण्यातल्या एका वर्गात मुलांना ठरवून मागे पाडत होते.

या प्रकाराला राउंड म्हणतात. आमच्या वर्गात त्याचं नाव 'पाठशिवणीचं गाणं', आणि तेच मला जास्त आवडतं. एकच चाल. पहिला गट सुरू करतो. त्याची एक ओळ संपली की दुसरा गट तीच चाल पहिल्यापासून धरतो. मग तिसरा, मग चौथा. पहिला गट शेवटाला पोहोचला की थांबत नाही, परत पहिल्या ओळीवर येतो. राज्य कुणावरच येत नाही आणि कुणी कुणाला शिवत नाही, पण पाठलाग चालू राहतो.

एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून उचलायचं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भजनात चाल सांगणारा एक चरण म्हणतो आणि टाळकरी तो उचलतात. शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी' धरतात. पण तिथे मागच्यांनी उचललं की पुढचा दम घेतो, किंवा त्यांच्यातच मिसळतो. एका वेळी ऐकू येते ती एकच ओळ. राउंडमध्ये पुढचा दम घेत नाही, तो आपल्या वाटेने पुढे निघून गेलेला असतो. त्यामुळे एकाच क्षणी चार ओळी कानावर पडतात आणि तरी तो गोंगाट वाटत नाही. कसा वाटत नाही, ते समजलं की राउंड समजला.

मुलांना मी ठाणे–वाशी लोकलवरून सांगते. रूळ एक, स्टेशनं तीच, वेग तोच, दोन गाड्यांमधलं अंतर ठरलेलं. पहिली गाडी तुर्भ्याला असताना दुसरी घणसोलीला आणि तिसरी ऐरोलीला. डब्यात बसलेल्याला आपलंच स्टेशन दिसतं. पुलावर उभं राहून सगळ्या गाड्या एकदम बघता आल्या तर जे दिसेल, ते राउंड ऐकणाऱ्याला ऐकू येतं. गाणंही मी स्टेशनांच्याच नावांचं बांधलं. शब्द पाठ करायला लागू नयेत, एवढाच त्यातला आळशी हेतू.

केरवा तालाच्या आठ मात्रा, प्रत्येक ओळीला एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी. आडवी रेघ म्हणजे स्वर धरून ठेवायचा. 'सां' म्हणजे तार सप्तकातला सा.

पहिली: ठा – णे – । ऐ रो ली –
सा – सा – । सा रे ग –

दुसरी: र बा ळे – । घण सो ली –
ग ग ग – । ग प प –

तिसरी: को पर खैर णे । तुर् – भे –
प ध प ग । सां – प –

चौथी: सान पा डा – । वा – शी –
ग रे सा – । सा – सा –

आता हे आडवं न वाचता उभं वाचा. चारही गट आत आलेले आहेत आणि पहिली मात्रा पडतेय. एक गट 'ठा'वर आहे, म्हणजे सा. दुसरा 'र'वर, म्हणजे ग. तिसरा 'को'वर, प. चौथा 'सान'वर, पुन्हा ग. एकत्र काय वाजलं? सा, ग, प. पेटीवर हे तीन स्वर एकदम दाबून बघा, कुणाचंही कुणाशी भांडण नाही. सातव्या मात्रेवर या: ग, प, प, सा. परत तेच तीन. तिसऱ्या मात्रेवरही तेच, आणि पाचव्यावर त्यातलेच सा आणि ग. रे आणि ध येतात ते दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणजे ताल जिथे हलका आहे तिथे, येऊन लगेच निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखे.

म्हणजे युक्ती गाण्यात नाही, बांधणीत आहे. ओळी सगळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, आणि जिथे जोर पडतो त्या मात्रांवर चारही ओळींचे स्वर एकमेकांना धरून राहणारे हवेत. या दोन अटी पाळल्या की चाल स्वतःच्याच अंगावर घडी घालून बसते. कुठलंही गाणं उचलून राउंडमध्ये घालता येत नाही ते यामुळेच.

आपल्या कानाला हा विचार वाटतो तितका परका नाही. नाट्यशास्त्रात भरताने नऊ किंवा तेरा श्रुतींच्या (श्रुती म्हणजे सप्तकातलं बारीक अंतर) अंतरावरचे स्वर एकमेकांचे संवादी, म्हणजे जुळणारे, म्हटलेत. सा–म आणि सा–प या जोड्या त्यातल्याच. तंबोरा लागला की सा आणि प एकत्र वाजतच असतात, आणि खर्जाच्या तारेतून मंद गही ऐकू येतो. फरक एवढाच की आपल्याकडे गाणारा एकेक स्वर त्या तंबोऱ्यावर ठेवत जातो. दोन गळ्यांनी एका वेळी दोन वेगळे स्वर ठरवून लावायचे, ही आपली रीत नाही. राग उलगडतो तो एका स्वरामागून दुसऱ्या स्वरात.

म्हणूनच मी भूपाचे स्वर घेतले. रागाचे नियम वगैरे इथे कुणी पाळत नाही, फक्त ते पाच स्वर. भूपात म नाही, नी नाही. पेटीवर भूप वाजवलात तर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, म्हणजे अर्ध्या स्वराचं अंतर, कुठेच येत नाही. आणि कानाला खुपतं ते नेमकं तेच अंतर. मुलं चुकली, अर्धी मात्रा मागेपुढे झाली, तरी भूपात फार वाईट वाजत नाही. नवशिक्यांना एवढी सवलत असावी. एकदा हौसेने यमनातली एक छोटी चाल घेऊन बघितली. तीव्र म एका गटाचा आणि प दुसऱ्या गटाचा, दोन्ही बरोब्बर समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर. शेजारच्या वर्गातून गणिताच्या बाई आल्या आणि काहीच न बोलता आमचं दार लावून गेल्या.

म घेतला की राउंड फसतोच, असं मात्र नाही. इंग्रजी माध्यमातली मुलं बालवाडीत 'आर यू स्लीपिंग' शिकून येतात. ती मुळात फ्रेंच चाल, 'फ्रेर जाक'. तिच्या दुसऱ्या ओळीत ग म प असा शुद्ध म येतो. पण तो म येतो त्या क्षणी पहिली ओळ रे वर असते आणि शेवटची खालच्या प वर. ग आणि म एका वेळी समोरासमोर येतच नाहीत. ज्याने कुणी ती चाल बांधली, त्याला वेळापत्रक चांगलं कळत होतं.

हा प्रकार जुना आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत तेराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, इंग्लंडमधल्या रेडिंगच्या मठाशी जोडलेलं. त्यात उन्हाळा आल्याचं, कोकिळा बोलू लागल्याचं एक गाणं आहे, आणि शेजारी लॅटिनमध्ये ते कसं म्हणायचं याच्या सूचना. एकाने सुरू करायचं. तो क्रूसाच्या खुणेपाशी पोहोचला की दुसऱ्याने सुरू करायचं. मी फळ्यावर दुसऱ्या गटासाठी फुली मारते तेव्हा मला दर वेळी गंमत वाटते, की ही फुली सातशे वर्षांहून जुनी आहे. त्याच गाण्यात मुख्य चार आवाजांच्या खाली आणखी दोन आवाज एक छोटा तुकडा सारखा घोळवत राहतात. त्या तुकड्याला तिथे 'पेस' म्हटलंय, म्हणजे पाय. या पायाचा उपयोग मला पुढे फार झाला, सांगते. छापील पुस्तकं आली ती पुष्कळ नंतर. १६०९ मध्ये लंडनला टॉमस रेव्हन्सक्रॉफ्ट याने असल्या गाण्यांचे संग्रह काढले.

आता वर्गात. मुलं फसतात ती सूर कच्चा म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. मुलं फसतात ती आपण घाई करतो म्हणून. गाणं 'येतं' आणि गाणं 'झोपेतही येतं' यात मोठं अंतर आहे, आणि राउंडला दुसरं लागतं. त्यामुळे पहिले दोन-तीन तास गट पाडायचेच नाहीत. सगळ्यांनी एकदम, हाताने केरवा धरून, मिनिटाला साधारण शंभर मात्रा. सा पेटीवरच्या काळी एक किंवा पांढरी दोन पट्टीचा. त्यावर तार सा मुलांना ओढून-ताणून लावावा लागत नाही.

गाणं मुरलं का ते बघायला माझी एक परीक्षा आहे. मुलं गात असतात, मी मूठ मिटते. आवाज बंद, पण गाणं आतल्या आत चालू ठेवायचं. मूठ उघडली की जिथे पोहोचले असतील तिथून मोठ्याने. पहिल्यांदा काय होतं सांगू? अर्धा वर्ग तुर्भ्याला बाहेर पडतो आणि अर्धा थेट वाशीला. आवाज बंद झाला की लय पळते. प्रत्येकाच्या डोक्यातली गाडी आपापल्या वेगाने जाते. एक सबंध ओळ गिळूनही पंचेचाळीस मुलं एकाच अक्षरावर बाहेर आली, की समजायचं आता गट पाडायला हरकत नाही. त्याआधी नाही. तीस-पस्तीस मिनिटांचा तास, पोर्शन पडलेला, हे सगळं मला माहीत आहे. तरीही नाही.

आणि गट पाडायच्या आधी अजून एक पायरी आहे, जी बहुतेकजण उडी मारून ओलांडतात. सगळा वर्ग एक गट, आणि बाई एकट्या दुसरा. सुरुवात मुलांनी करायची, मागून मी. उलट नाही. कारण मागून येणाऱ्याचं काम अवघड असतं, त्याला दुसरी ओळ कानावर पडत असताना पहिली ओळ काढायची असते. मुलांचं काम तेवढा वेळ सोपं: आपली गाडी चालवत राहायची, मागून कुणीतरी येतंय एवढं कानावर घ्यायचं. हे जमलं की अदलाबदल. मग दोन गट, मग चार. माझ्या वर्गाला दोनाचे चार व्हायला तीन आठवडे लागले.

तिसऱ्या गटात एक मुलगी होती. गळा गोड, सूर चोख. गट पाडले तसे तिने दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून गायला लागली. एकही स्वर चुकला नाही. पण तिसऱ्या ओळीपर्यंत ती अख्ख्या गटाच्या अर्धी मात्रा पुढे होती, आणि गंमत म्हणजे तिचं ऐकून शेजारच्या दोघीही. कान बंद केले की लय कुणाकडून घेणार? तेव्हापासून वर्गात कानात बोटं घालायला बंदी आहे. त्याऐवजी मी एक काम देते. आपली ओळ म्हणता म्हणता पहिला गट कितव्या ओळीवर आहे ते बोटांनी दाखवायचं. सुरुवातीला गोंधळतात, बोटं बघताना ओळ सुटते. पण एकदा जमलं की वर्गात एकाच वेळी सगळ्यांची तीन बोटं, आणि तोंडाने भलतंच स्टेशन. त्या मुलीने पहिल्यांदा गाता गाता बरोबर तीन बोटं दाखवली तेव्हा स्वतःच दचकून माझ्याकडे बघितलं.

आवाजाचं युद्ध हे दुसरं दुखणं. शेजारचा गट मोठ्याने गायला की आपलं बुडू नये म्हणून हा गट आणखी मोठ्याने. दोन फेऱ्यांत सगळे किंचाळायला लागतात, आणि किंचाळलं की सूर चढतो, लय पळते, सगळं एकदम. त्यावर उपाय तेच बोटांचं काम: शेजारची ओळ ऐकू येत नसेल तर तुझा आवाज मोठा आहे. आणि पेटी बंद. पेटी एका वेळी एकाच गटाला धरणार, बाकीचे तिच्याकडे ओढले जाणार. शिवाय पेटीचा ग तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गपेक्षा जरासा चढाच असतो. पाठीमागे नुसता तंबोरा असावा, मोबाईलवरचा चालेल. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी मुलांसाठी दोन आवाजांचे सराव लिहिले, तेव्हा त्यांचंही सांगणं हेच होतं की सूर पियानोच्या आधाराने नव्हे, दुसऱ्या गळ्याशी जुळवून पक्का होतो.

गट पाडताना सगळी गाणारी मुलं पहिल्या गटात घालू नका. हा मोह मलाही झाला होता. खरी कसोटी चौथ्या गटाची. तीन गटांच्या गलबल्यात त्यांना 'ठाणे' म्हणत घुसायचं असतं, आणि शेवटी बाकीच्या गाड्या पोहोचल्यावर वाशीची ओळ त्यांना एकट्यांनाच म्हणायची असते. हिशेब करून बघा. एक फेरी बत्तीस मात्रांची. प्रत्येक गट दोनदा म्हणाला तर पहिल्याचं चौसष्टाव्या मात्रेला संपतं आणि चौथ्याचं अठ्ठ्याऐंशीव्या. चारही गट एकदम गातात ते पंचवीस ते चौसष्ट, म्हणजे फक्त चाळीस मात्रा. शंभरच्या लयीत जेमतेम चोवीस सेकंद. एवढ्यासाठी महिनाभर खपायचं. मुलांना मात्र ते चोवीस सेकंद पुन्हा पुन्हा हवे असतात.

आठवी-नववीच्या मुलांचे आवाज फुटलेले असतात. त्यांना वरचा सां झेपत नाही, मग ती मागच्या बाकांवर तोंड हलवत बसतात. त्यांच्यासाठी मी तो रेडिंगचा पाय उसना घेतला. 'पुढील स्टेशन, पुढील स्टेशन', सा सा, मग खालचा प प, चार मात्रांचा तुकडा, सबंध गाणंभर. लोकलमधल्या घोषणेच्या आवाजात. वर्गातलं सगळ्यात मानाचं काम आता तेच झालंय, आणि ज्यांचे आवाज अजून फुटलेले नाहीत ती मुलं हिरमुसतात.

२०२० मध्ये ऑनलाइन तासाला मी हे करायचा मूर्खपणा केला होता. प्रत्येकाचा आवाज इंटरनेटवरून वेगवेगळ्या उशिराने पोहोचणार. पडद्यावर वीस मुलं वीस ठिकाणी. एका मुलाचे बाबा कौतुकाने म्हणाले, हा तर आपोआप राउंड झाला. नाही झाला. मागे पडणं वेगळं आणि मोजून मागे राहणं वेगळं. आठ म्हणजे आठ. साडेसात मात्रांच्या अंतराने रे ची गाठ सा शी पडते, तीही जोराच्या मात्रेवर.

फजिती मात्र खरी झाली ती स्नेहसंमेलनात. वाशीतल्या एका सभागृहात मंचावर चार गट चार कोपऱ्यांत उभे केले. माईक होते दोन, आणि दोन्ही पहिल्या गटापुढे. पालकांना ऐकू आलं ते एक समूहगीत आणि मागे कुठेतरी भांडण. त्यात समोरच्या रांगेने हौसेने टाळ्यांचा ठेका धरला, तोही आड. चौथा गट पहिल्या आवर्तनातच पहिल्या गटात विरघळला. यंदा मुलांना मंचावर न ठेवता प्रेक्षकांच्या भोवतीने, चार दारांपाशी उभं केलं. माईक नाहीत. मध्ये बसलेल्यांना वाटलं, गाड्या आपल्या चारी बाजूंनी जाताहेत.

संपवायचं कसं, हा प्रश्न उरतोच, कारण राउंड आपण होऊन संपत नाही. एक रीत म्हणजे प्रत्येकाने ठरलेल्या फेऱ्या करून थांबायचं, मग आवाज एकेक करून कमी होत जातात. दुसरी मला जास्त आवडते: मी हात वर करते, आणि सगळ्यांनी पुढच्या सातव्या मात्रेवर आहेत तिथे थांबून तो स्वर लांबवायचा. एका गटाचा 'ली', दुसऱ्याचा 'ली', तिसऱ्याचा 'भे', चौथ्याचा 'शी'. ग, प, प, सा. खिडकीच्या काचेला ते जाणवतं.

गाणं बांधलं तेव्हा दिघागाव स्टेशन झालेलं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झालं, आणि पुढच्याच तासाला दिघ्याहून येणाऱ्या एका मुलाने हात वर केला: "बाई, आमचं स्टेशन?" पहिल्या ओळीत 'ठाणे'ला चार मात्रा दिल्या होत्या, तिथे 'ठा णे दिघा गाव' बसलं, चारही सा वर. काही बिघडलं नाही. मात्र आता नेरूळच्या मुलांनी मागणी केलीय. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो, सगळ्या गाड्या काही वाशीला जात नाहीत. म्हणून दुसरा आणि चौथा गट शेवटची ओळ 'जुई न गर, ने रूळ' अशी म्हणणार. स्वर तेच, शब्द वेगळे. काल पहिल्यांदा करून बघितलं. चौथा गट बरोबर नेरूळला उतरला. दुसरा सवयीने वाशीलाच गेला.